अकरा नंबरचा खिळा

२२ ऑगस्ट, रात्री साडेदहा

सॅक अजून ओलीच आहे, बूट भिंतीला टेकवून ठेवलेत, डोळे मिटतायत पण हे आत्ताच लिहून काढायचंय, उद्यापर्यंत यातलं अर्धं निसटून जाईल. आज अकरा नंबरच्या खिळ्यापाशी, म्हणजे मोजणीच्या चौकोनाची खूण म्हणून ठोकलेल्या खिळ्यापाशी, खर्पुडी दिसली, मी जिचा अभ्यास करतेय ती कंदवाली रानवनस्पती. तीन झाडं. दोघांना कळ्या आणि एकाला उमललेलं फूल.

गेल्या पावसाळ्यात याच जागी काही नव्हतं. चार खेपा केल्या होत्या मी, दर वेळी गुडघे टेकून, गवत बाजूला करत एक मीटरचा अख्खा चौकोन बोटबोट बघितला होता आणि वहीत शून्य लिहिलं होतं. ते शून्य लिहिताना हात जड झाला होता कारण त्याच्या आदल्या वर्षी तिथे झाडं होती, मला वाटलं गेली, कुणी उकरली किंवा साळिंदरानं खाल्ली. पण आजची तीन बघून वाटतंय की कंद खालीच होते, जिवंत होते, नुसते वर आले नव्हते.

सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, माती असते तरी किती, जांभ्याच्या फटीत चार बोटं, बाकी कातळ. पावसाचे चार महिने पाणी साचून राहतं आणि मेमध्ये तोच कातळ इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा जागी टिकायचं म्हणजे प्रत्येकानं काहीतरी वेगळी सोय केलेली असते, सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे पकडतात कारण त्या मातीत नायट्रोजन नाहीच म्हटलं तरी चालेल, खर्पुडी कंदात साठवून ठेवते आणि वाट बघते.

फूल किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. खाली फुगीर बूड, त्यावर नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून तर कंदीलपुष्प म्हणतात. लेन्स लावली तर नळीत बारीक केस, सगळे खाली तोंड करून. चिलट वासानं येतं, आत घसरतं आणि त्या केसांमुळे वर येता येत नाही. आजच्या फुलात एक होतं, पाठीमागून उजेड आल्यावर त्याची सावली बुडाशी हलताना दिसत होती. एकदोन दिवसांत केस सुकतील, फूल कलंडेल आणि ते बाहेर पडेल, नशीब असेल तर सोंडेला परागांची पिशवी चिकटवून. कैद करून शेवटी सोडून देणारं फूल. इतकी वर्षं बघतेय तरी प्रत्येक वेळी छातीत काहीतरी होतं.

गुरं घेऊन आलेले मामा मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, आमी बारकं असताना ही उकरून खायचो की, कच्चीच. गोड लागती." मग जरा थांबून, "आता पोरास्नी ठावंबी न्हाई." मी विचारलं पूर्वी किती असायची, तर त्यांनी हातानं सगळा उतार दाखवला. हे वहीत लिहिलंय, तारखेसकट, कारण हाही डेटाच आहे.

माझ्या पेपरवर एका जर्नलकडून मार्चमध्ये शेरा आला होता की शून्याचं वर्ष विश्लेषणातून काढून टाका, आणि विषय फक्त स्थानिक महत्त्वाचा आहे. तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. ते वर्ष मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. जी वनस्पती सह्याद्रीच्या मोजक्या सड्यांवरच उगवते तिचा अभ्यास स्थानिकच असणार ना! फेलोशिप पाऊस संपल्यावर जमा होते, अहवाल मार्चमध्ये मागतात, सेमिनार नेमका ऑगस्टमध्ये ठेवतात, आणि झाड उगवतं ते त्याच्या वेळेला. दोन्हीकडे पळताना आईचा फोन परवापासून घ्यायचा राहिलाय.

कुठला सडा ते इथेही लिहीत नाहीये. जागा कळली की कंद उकरून नेणारे येतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलंय.

झाड उपटलं नाही. कंद काढला की पुढच्या वर्षी मोजायला काय राहणार. दुसऱ्या कळीवाल्या झाडाच्या बाजूला एक गळून पडलेलं फूल मिळालं, ते स्पिरिटच्या बाटलीत ठेवलं कारण नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये कंदील चपटा होतो आणि जांभळे ठिपके तपकिरी पडतात. पुण्याच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जुन्या शीट बघताना हेच जाणवलं होतं, ज्यानं लेबलवर तिथल्या तिथे रंग लिहून ठेवला त्याचंच फूल मला अजून दिसतं. म्हणून आज पावसात छत्री मानेत धरून पेन्सिलीनं लिहिलं: नळी हिरवट पांढरी, ठिपके गर्द जांभळे, पाकळ्यांची टोकं पिवळसर, वास मंद.

गवतांच्या नमुन्यांचे कागद झोपण्याआधी एकदा बदलायला हवेत, रद्दी कालचीच ओली आहे. उद्या सहाच्या एसटीनं परत वर, दुसरी कळी बहुतेक सकाळीच उमलेल.