हायपॉट पास झालं, पुढे?

जनरेटरचं हायपॉट, म्हणजे इन्सुलेशनला मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन बघायची टेस्ट, पास झालं की प्लँटमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) नव्या वाइंडिंगला, म्हणजे तांब्याच्या गुंडाळीला, दुपटीहून एक जास्त, म्हणजे २३ केव्ही, एक मिनिट द्यायचे. टिकलं तर पास. पण ही टेस्ट एवढंच सांगते, की त्या मिनिटात इन्सुलेशन फुटलं नाही.

फुटण्याआधी बरंच काही घडत असतं. ११ केव्हीच्या बारवर, म्हणजे वाइंडिंगच्या एकेका दांड्यावर, तांब्याभोवती मायका-इपॉक्सीचा थर असतो जेमतेम तीन मिलिमीटर. टेप गुंडाळताना किंवा रेझिन मुरताना आत हवेची पोकळी राहिली, तर तिच्यावर आजूबाजूच्या थराच्या साधारण चौपट विद्युत ताण येतो. आणि हवा मायकाच्या मानाने फारच लेचीपेची. मग आतल्या आत डिस्चार्ज, म्हणजे बारीक ठिणग्या, सुरू. त्यात इपॉक्सी झिजतं, मायका मात्र वर्षानुवर्षं तग धरतो.

कोयनेसारख्या स्टेशनचं दुखणं आणखी वेगळं. तिथली मशीनं वाढीव मागणीच्या वेळेला धावतात. चालू, बंद, पुन्हा चालू. तांबं तापून जितकं लांबतं तितकं इन्सुलेशन लांबत नाही. जुन्या डांबर-मायकाच्या बारांना स्लॉटच्या, म्हणजे बार बसतो त्या खाचेच्या, तोंडाशी भेगा पडायच्या त्या यामुळेच. बारला स्लॉटमध्ये घट्ट धरणारे वेज सैल पडले की लोड असताना बार सेकंदाला १०० वेळा थरथरतो, बाहेरचा सेमीकंडक्टिव्ह थर घासला जातो, ओझोनचा वास येतो, पांढरी भुकटी दिसू लागते. वेजवर हातोडी ठोकून आवाज ऐकणारा जुना फिटर मला म्हणूनच महागड्या उपकरणाइतका मोलाचा वाटतो.

मेगरचंही, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजण्याचंही, तसंच. कोकणच्या पावसाळ्यात मशीन बंद आणि हीटरही बंद, की आकडा घसरलाच. दहाव्या मिनिटाच्या वाचनाला पहिल्या मिनिटाच्या वाचनाने भागायचं. उत्तर दोनच्या वर हवं. एकच्या जवळ आलं, तर वाइंडिंगला ओल किंवा घाण लागलीय असं समजून आधी सुकवायचं. तापमान दहा अंश वाढलं की मेगर ढोबळमानाने निम्म्यावर येतो. त्यामुळे तापमान न लिहिता मेगरची नोंद करणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं माप, व्होल्टेजबरोबर किती चढतो, हे त्याच वाइंडिंगच्या मागच्या ओव्हरहॉलच्या नोंदीशेजारी ठेवून बघावं. हायपॉट सगळ्यात शेवटी, जुन्या मशीनला तिच्या व्होल्टेजच्या दीडपटीच्या आसपासच. आणि त्याआधी, एखादा बार फुटलाच तर बदलायला गोदामात स्पेअर बार आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.