कटिंग येतं, हवा येत नाही

११ जानेवारी, शनिवार, रात्री साडेअकरा

आज मॅट पेंटिंगच्या क्लासमध्ये (सिनेमात मागं दिसणारी खोटी जागा बनवायची कला) सरांनी माझं पहिलं चित्र उघडलं. सर म्हणजे मुंबईचा पोरगा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, तो मला दादा म्हणतो आणि मी त्याला सर, असं उलटं चाललंय आमचं. दोन मिनिटं नुसतं झूम इन, झूम आऊट केलं त्यानं आणि म्हणाला, "दादा, कटिंग एक नंबर आहे. पण सगळे पुढेच उभे आहेत."

झालं. सोळा वर्षं फ्लेक्स केले, त्याचा निकाल एका वाक्यात.

खोटं नाही त्यात काही. फ्लेक्सचं गणितच तसं असतं, मधे भाऊ, भाऊंच्या मागं सिंह, सिंहाच्या मागं रायगड, वर सूर्य आणि खाली शुभेच्छुक चाळीस, आणि त्या चाळीसातला एकही जण मागं गेलेला चालत नाही, सगळ्यांचे चेहरे सारखेच उजळ पाहिजेत आणि गडसुद्धा भाऊंच्या शर्टाइतकाच कडक दिसला पाहिजे. मी फोटोशॉपच्या पेन टूलनं फोटो कापताना दाढीचे केससुद्धा सुटे काढतो, त्यासाठी आजूबाजूच्या दुकानांतून फायली येतात माझ्याकडं. पण सिंहावर उजेड डावीकडून आणि भाऊंवर उजवीकडून पडतोय हे मला सोळा वर्षांत एकदाही टोचलं नाही. गिऱ्हाइकालाही नाही म्हणा.

मॅट पेंटिंगमध्ये वरवर बघता हेच करायचं, चार ठिकाणचे फोटो कापून एक जागा बनवायची. फरक एवढाच की ती जागा कुठंच नसली तरी बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की कॅमेरा तिथं उभा होता.

माझं चित्र असं आहे (असणार आहे): पुढं नदीचा घाट, मधे पाणी आणि धुकं, मागं डोंगराच्या कड्याला चिकटून एक जुनं गाव, वाडे, दीपमाळा, खाली पडणारं पाणी. दिसायला सोपं वाटतंय. आत्ता ते लग्नाच्या अल्बमचं पहिलं पान दिसतंय.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात गेलो. सरांनी होमवर्क दिलंय, फोटो काढा आणि आयड्रॉपरनं (रंग मोजायचं टूल) आकडे बघा. बस्स. मला वाटलं हा काय होमवर्क.

वळणावर गाडी लावली, पुढं रस्त्याकडेचा काळा दगड, मग दरी, मग अजिंक्यतारा आणि त्याच्या मागं एकामागं एक डोंगर. दुकानात येऊन फोटो उघडला. पुढच्या दगडात जिथं जास्तीत जास्त काळं आहे तिथं आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) आकडे दहा-बाराच्या आसपास, शून्य म्हणजे ठार काळं आणि २५५ म्हणजे पूर्ण उजळ. अजिंक्यताऱ्याच्या सगळ्यात गडद सावलीत लाल ५०, हिरवा ६०, निळा ७२. आणि अगदी मागच्या डोंगरात सगळ्यात काळं म्हणून जे काही होतं ते १२०च्या वरच, त्यातही निळा सगळ्यात जास्त. म्हणजे लांब काळा रंग नसतोच! मधली हवा, धूळ, धुरळा आपला उजेड त्यावर सांडते आणि काळ्याचा राखाडी-निळा होतो. रोज बघतोय की मी ते डोंगर, जन्मल्यापासून बघतोय, आणि फायलीत मात्र मागच्या डोंगराला कॉन्ट्रास्ट मारून मारून कोळसा केलेला.

फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये (उजेड-काळोख कमीजास्त करायची खिडकी) खाली एक आउटपुटचा काळा स्लायडर असतो, तो सरकवला की काळ्याचा राखाडी होतो. इतकी वर्षं मी त्याला हात लावला नव्हता, वाटायचं फोटो मळका करायला कोण वापरणार हे. आज तो सरकवला, निळ्या चॅनलला जरा जास्त, आणि डोंगर चक्क मागं गेला. दोन किलोमीटर. मी एकटाच होतो दुकानात, शटर अर्धं खाली, मोठ्यानं "आयला" म्हणालो.

१४ जानेवारी, संक्रांत

काम काही नाही. तिळगूळ, पाहुणे.

बायकोनं विचारलं, "मॅट म्हणजे मॅट पेपरवर प्रिंट काढायची का मग?" आमच्या धंद्यात मॅट आणि ग्लॉसी एवढंच असतं, तिचं काय चुकलं. तिला सांगितलं की इथं मॅट म्हणजे झाकण, मास्क, फिल्मचा जेवढा भाग कोरा ठेवायचा तेवढ्यावर काळं लावून झाकायचं आणि नंतर तिथं रंगवलेलं चित्र बसवायचं. त्याच्याही आधी साधी काच वापरायचे. नॉर्मन डॉन म्हणून अमेरिकेत एक जण होता, १९०७ साली कॅलिफोर्नियातल्या पडझड झालेल्या जुन्या मिशन इमारती शूट करत होता, तर त्यानं कॅमेऱ्यापुढं काच उभी केली आणि पडलेलं छप्पर, कमानी काचेवर रंगवल्या, मागची खरी इमारत काचेतून दिसतेय आणि वरचं छप्पर रंगाचं, कॅमेऱ्याला दोन्ही एकच. बायको म्हणाली, "म्हणजे फसवणूकच की." हो, म्हटलं, पण जमली पाहिजे.

तिकडं कशाला जायचं, आपले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत रंगवतच सिनेमात आले, कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला, आणि पोस्टरंही रंगवायचे. आमच्या फ्लेक्सवाल्यांचे मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. मूळपुरुषांना उजेड कळत होता, आमच्यापर्यंत येईस्तोवर नुसता ग्लो उरला.

१६ जानेवारी, गुरुवार

धुकं पाहिजे होतं. नेटवर मिळतं रेडीमेड, पण सर म्हणतात शक्यतो आपलं वापरा, म्हणजे ते कुठल्या उजेडातलं आहे हे आपल्याला माहीत असतं. मला एकदम मामाचं गुऱ्हाळ आठवलं.

कराडच्या पुढं आहे, तासाभराचा रस्ता. काईल (उसाचा रस आटवायची मोठी कढई) उकळत होती, मळी काढून झालेली, वाफ नुसती छपराला भिडत होती. मागं शेडचा काळोख आणि दारातून तिरका उजेड त्या वाफेवर. याहून चांगला स्टुडिओ नाही मिळणार, कारण काळ्यावरची वाफ लेयर म्हणून टाकून मोड स्क्रीन केला की काळं आपोआप गायब होतं आणि फक्त वाफ उरते, कटिंग करायचंच नाही. (सोळा वर्षं कटिंगवर जगलेल्या माणसाला हे ऐकून कसंतरीच होतं.) मी कडेला उकिडवा बसून फटाफट फोटो काढतोय तर मामा म्हणाला, "काय रं, गुळाचं सोडून वाफंचं फोटू कशापायी काढतुयास?" गुळव्या हसायला लागला. मी म्हटलं नदीवर टाकायचीय. "टाक बाबा," मामा म्हणाला, "जाताना ढेप घेऊन जा."

लेन्सवर साखरेचा थर बसला, तो निघता निघेना. ढेप आणली.

१९ जानेवारी, रविवार

मेणवली. वाईच्या अलीकडं-पलीकडं म्हणता येईल इतकं जवळ, साताऱ्यातून पस्तीसेक किलोमीटर. पहाटे निघालो, हात बधिर झाले गाडीवर. नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागं कृष्णेवरचा घाट, चंद्रकोरीसारखा वळलेला, तिथं आपल्याआधी किती सिनेमावाले येऊन गेलेत ते तिथला चहावाला मोजून सांगतो. छोट्या देवळात ती मोठी घंटा टांगलेली आहे, १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांकडून आणलेली. तिचाही फोटो काढला, कामाचा काही नाही.

घाटाचे साठ-सत्तर फोटो वरच्या पायऱ्यांवरनं काढले. घरी येऊन बसवायला घेतले आणि मागचा डोंगर (अजिंक्यताराच घेतला होता) काही केल्या बसेना. तासभर गेला. डोंगर मोठा करून बघितला, छोटा करून बघितला, चार अंश फिरवून बघितला. सरांना स्क्रीनशॉट पाठवला तर त्यांचा व्हॉइस मेसेज, दोन चुका आहेत. एक म्हणजे क्षितिज. कॅमेरा जेवढ्या उंचीवर, तेवढ्या उंचीवर क्षितिजाची रेघ, घाट मी वरून खाली बघत काढलाय म्हणजे रेघ चित्रात वर आहे, आणि त्यात बसणारी प्रत्येक गोष्ट त्याच रेघेला धरून बघितलेली पाहिजे. कड्यावरचे वाडे तर मी रस्त्यावर उभं राहून मान वर करून काढलेले, त्यांच्या खिडक्यांच्या रेघा भलतीकडंच पळत होत्या.

दुसरी चूक जास्त मजेशीर. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक, भाकरीची चवड ठेवल्यासारखे, आणि ते आडवे असतात. लांबून कड्यावर ज्या पट्ट्या दिसतात त्या याच. मी डोंगर चार अंश फिरवला म्हणजे साडेसहा कोटी वर्षांची चवड कलंडली. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही पण डोळ्याला कळतं. हिमालयाचा फोटो असता तर खपलं असतं, तिथं थर वेडेवाकडेच असतात.

उजेडाचं पण होतंच. घाटावर सकाळचं ऊन उजवीकडून, डोंगरावर डावीकडून. सोपा उपाय, डोंगर आरशासारखा उलटा केला. वरचा टीव्हीचा टॉवर क्लोन स्टॅम्पनं काढला. सरांना काही कळलं नाही. दुकानातल्या पोरानं मागून जाताना नुसतं बघितलं आणि म्हणाला, "दादा, किल्ला उलटा झालाय." सातारच्या माणसासाठी हे काम करणं अवघड आहे. शेवटी कड्याचे तीन तुकडे करून फिरवाफिरव केली, आता तो कुणाचाच किल्ला नाही.

फाईल २ जीबीच्या वर गेली आणि सेव्ह व्हायला नकार. फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाईलची मर्यादा तेवढीच, त्याहून मोठी असली तर पीएसबी करावी लागते. हे मला माहीत असायचं कारण नव्हतं, दहा बाय आठचा फ्लेक्स आम्ही पन्नास एमबीत काढतो.

२३ जानेवारी, गुरुवार

सव्वीस तारखेचे फ्लेक्स, श्वास घ्यायला वेळ नाही.

एका वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये हाताला सवय लागल्यागत मागच्या गडाचा काळा उचलला, निळसर केला, भाऊंच्या खांद्यावर सूर्याच्या बाजूनं उजेडाची कड दिली. असा दिसत होता म्हणून सांगू, भाऊ खरंच गडासमोर उभे. कार्यकर्ते आले, बघितलं, दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "गडावर धुकं का टाकलंय? गड कुठाय?" म्हटलं लांब आहे ना तो. "लांब कशाला ठेवलाय मग, जवळ आणा."

आणला जवळ. कॉन्ट्रास्ट मारला, कडेनं स्ट्रोकची रेघ दिली. भाऊंच्या बुटाखाली सावली मात्र ठेवली, ती कुणाच्या लक्षात आली नाही.

२५ जानेवारी, शनिवार

चित्रात माणूस पाहिजे. माणसाशिवाय कडा दोनशे फुटी की दोन हजार फुटी हे कळत नाही, मुंगीएवढा माणूस टाकला की सगळं एकदम आपापल्या मापात येतं. पण तोही वरूनच काढलेला पाहिजे, आणि उजवीकडून ऊन. मग सकाळी दुकानाच्या गच्चीवर मी आणि खाली रस्त्यात दुकानातला पोरगा, डोक्याला फडकं, खांद्यावर घरून आणलेली घागर, चालतोय पुन्हा मागं येतोय पुन्हा चालतोय. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. शेजारचा मेडिकलवाला विचारतोय पाणी गेलंय का.

संध्याकाळी बसवला त्याला. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर, चित्रात उंची चाळीस पिक्सेल. सावली दगडाच्या कडेवर मोडून खाली उतरवली, काळा जरा उचलला, फडक्यावर एकच ठिपका उन्हाचा. वर ब्लॅक अँड व्हाइटचा लेयर लावून डोळे बारीक करून बघितलं, सर म्हणतात तसं. कुठंच अडकलं नाही. मागं मामाच्या काईलीची वाफ कड्याच्या पायथ्याशी पसरलेली. बराच वेळ बघत बसलो.

पोरगा चहा घेऊन आला. "यात मी कुठाय?" ४०० टक्के झूम करून दाखवलं.

"हा मी?"

"हो, तूच."

जरा वेळ बघितलं त्यानं, चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग खाली नाव टाका की."