नाशिक रोडहून आलेला शब्द

ऑफिसातल्या एका इंग्रज बाईंनी परवा प्रिंटरला चापट मारली आणि म्हणाल्या, “आज हा पार डुलॅली झालाय!” म्हणजे काय, विचारलं तर म्हणाल्या, डोकं फिरलेला. शब्द कुठून आला, ते त्यांना माहीत नव्हतं. घरी येऊन शब्दकोश उघडला आणि मी बघतच राहिले. डुलॅली म्हणजे देवळाली. आपली, नाशिक रोडशेजारची देवळाली!

वेड्याला नावं ठेवण्यात इंग्रज फार रसिक. ‘बेडकांनी भरलेल्या खोक्याइतका वेडा’ म्हणतात, ‘सहलीच्या डब्यात एक सँडविच कमी’ म्हणतात. बिअर आंबताना वर येतो तो फेस म्हणजे बार्म. डोक्यात तो फेस भरलेला माणूस बार्मी. क्रिकेटवाल्यांना इंग्लंडच्या पाठीराख्यांची ‘बार्मी आर्मी’ ठाऊक असेलच. मला सगळ्यात आवडलेली गंमत लंडनच्या मेट्रोची. ठार वेड्याला ‘बार्किंग’ म्हणतात आणि डिस्ट्रिक्ट लाइनवर बार्किंग नावाचं स्टेशनही आहे. तिथून पुढे तिसरं स्टेशन डॅगनम हीथवे. म्हणून कोणी हाताबाहेरच गेला, तर त्याला नुसतं ‘डॅगनम’ म्हणायचं!

पण माझा जीव अडकला तो डुलॅलीत. ब्रिटिशांच्या काळात देवळालीला लष्कराची मोठी छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबत. सैनिकांच्या बोटी साधारण थंडीच्या हंगामातच सुटायच्या. शेवटची बोट गेल्यावर जो पोचला, त्याला पुढचे कित्येक महिने नुसतं बसून काढावे लागत. काम जवळजवळ नाही, घर हजारो मैलांवर, वर उन्हाळा, त्यात मलेरिया. काहींचं डोकं खरंच फिरायचं. मग बरोबरचे म्हणायचे, याला ‘डुलॅली टॅप’ झाला. हा टॅप नळाचा नव्हे, आपला ताप! पुढे ताप गळून पडला, डुलॅली तेवढं उरलं.

हे वाचल्यावर हसू मावळलं. ज्या देवळालीला लोक मुद्दाम हवापालटाला जातात, तिथे ही पोरं तारखा मोजत बसली होती. वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीची वाट बघणाऱ्या मला ते फार आतून कळलं.

आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं, गावाचं नाव खराब केलं म्हणून चिडेल. ती म्हणाली, “अगं, आपण नाही का म्हणत, याला ठाण्याला पाठवा, येरवड्याला न्या?”

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ‘देवळाली’ चार वेळा म्हणून पाहिलं. ‘ळ’ काही येईना, पण पाचव्यांदा निम्मा आला.