जलीलला माफ कराल?

आज सुट्टी. खालिद हुसैनींची अफगाणिस्तानातली कादंबरी 'अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स' पुन्हा काढून बसले आणि घरच्यांना खिचडीवर भागवावं लागलं. (पुस्तक २००७ चं आहे, त्यामुळे शेवट सांगितला म्हणून ओरडू नका.)

बोलतात सगळे त्यांच्याच 'द काइट रनर'मधल्या अमीरबद्दल. आपलं घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणणारा अमीर. हसन न केलेली चोरी कबूल करतो! पुढे अमीर हसनच्या मुलाला, सोहराबला, तालिबानच्या काबूलमधून सोडवून आणतो. मीही रडलेय, खोटं कशाला बोलू. पण हसन हजारा, म्हणजे तिथल्या हीन लेखल्या जाणाऱ्या जमातीतला, नोकराच्या घरात वाढलेला. इमान त्यानेच राखायचं, जीवही त्याचाच जायचा, आणि प्रायश्चित्ताची संधी अमीरला? खटकतं.

'स्प्लेंडिड सन्स'मधला जलील वेगळा. हेरातचा श्रीमंत थिएटरवाला. लग्नाबाहेरची मुलगी, मरियम, भेटायला आली तर हा घरात असून नाही म्हणवतो. पोर रात्रभर फाटकाबाहेर झोपते. सकाळी त्याचा चेहरा क्षणभर खिडकीत दिसतो, की लगेच पडदा पडतो. मग काबूलच्या रशीदशी लग्न लावून मोकळा.

म्हातारपणी तो काबूलला येतो तेव्हा मरियम दार उघडत नाही. तिच्यासाठी ठेवलेला डबा तिच्या मृत्युदंडानंतर तिच्या सवतीला, लैलाला मिळतो: पत्र, पैसे, 'पिनोकिओ'ची कॅसेट. पंधराव्या वाढदिवसाला मरियमने बापाकडे हट्ट धरला होता, तोच सिनेमा.

पश्चात्ताप खराच होता त्याचा. पण माफ करायला उरलं कोण? मला अमीरपेक्षा हा जास्त पटतो. तुम्हाला?