दर दोन सेकंदांनी एक ‘टक्’

तय म्हणजे चवथीचा, गणेश चतुर्थीचा आदला दिवस. तिच्या आदल्या रात्री आमच्या प्लँटमध्ये माणसं मोजकीच होती. ज्यांना रजा मिळाली ते केव्हाच गावाला पोचले होते, आणि ज्यांना नाही मिळाली ते सकाळच्या सातची वाट बघत होते. मी दुसऱ्यांतला. सातला शिफ्ट सुटणार, साडेसातची कंपनीची बस, दहाच्या आत डिचोली, मग बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं, राहिलेलं सामान घेऊन घर. सुपारीचे घोस, कांगलां, चिबूड अशी यादी आईने दिली होती. ती लॉकरमध्ये मोबाइलखाली ठेवून मी आत गेलो, कारण आत कागदाचा कपटासुद्धा नेता येत नाही. घड्याळ, अंगठी, हातातला गंडा, सगळं बाहेर. गाऊन, टोपी, मास्क, ग्लोव्हज चढवले की माणसाचे फक्त डोळे उरतात. आम्ही एकमेकांना चालीवरून ओळखतो.

मी गोव्यात वेर्ण्याच्या पठारावरच्या एका औषध कंपनीत कॉम्प्रेशन मशीन चालवतो. गोळ्यांच्या फॅक्टरीत आहे म्हटलं की कुणीतरी बंदुकीचा विनोद करतोच, तर आमच्या त्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या. वरून हॉपरमधून दाणेदार पावडर येते, मधोमध गोल फिरणारं टरेट. माझ्या मशीनच्या टरेटला ४५ डाय, म्हणजे साचे, आहेत, प्रत्येक डायला वरून एक पंच, खालून एक पंच. डायमध्ये पावडर भरते, दोन पंचांच्या मधे ती सव्वा टनाच्या जोराने दाबली जाते, खालचा पंच वर येऊन गोळी बाहेर ढकलतो. टरेटच्या एका फेरीत ४५ गोळ्या. मिनिटाला ३० फेऱ्या, म्हणजे १,३५० गोळ्या. हे गणित पुढे लागणार आहे म्हणून सांगितलं.

त्या रात्रीची बॅच २९० किलोची होती. गोळीचं वजन ५८० मिलिग्रॅम, म्हणजे बॅचमध्ये पाच लाख गोळ्या. साडेअकराला मशीन सुरू केलं. दर अर्ध्या तासाने २० गोळ्या काढायच्या, वजन, जाडी, कडकपणा बघायचा, बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या वहीत, आकडे लिहून सही करायची. मला एक जादा सवय आहे. प्रत्येक तपासणीला मी गोळ्यांचा डबाही बदलतो आणि लेबलवर सुरू-बंदची वेळ घालतो. डबा भरला की बदलायचा एवढंच बाकीचे करतात. माझ्या या सवयीला हेल्पर वैतागतो, कारण अर्धवट भरलेले डबे उचलायचं काम त्याचं.

अडीचची तपासणी झाली. सहावा डबा बंद केला, सातवा लावला. सगळे आकडे मधोमध. हेल्पर, दोडामार्गचा पोरगा, भिंतीला टेकून उभ्याउभ्या पेंगत होता. आणि मला तो आवाज आला.

मोठा नव्हता. मशीनचा आपला एक घरघरीचा सूर असतो, वर डस्ट कलेक्टरची शीळ, गोळ्या धूळ झटकणाऱ्या डी-डस्टरवरून थरथरत वर चढतात त्यांचा सळसळाट. या सगळ्याच्या खाली एक बारीक ‘टक्’. मग काही नाही. मग पुन्हा ‘टक्’.

हा कान बाबांचा. बाबांचा ट्रक खाणीवर होता, डिचोलीच्या खाणीवरून नदीच्या जेटीपर्यंत, तिथून माल बार्जमध्ये. लहानपणी मी कॅबिनमध्ये बसलो की ते मधेच म्हणायचे, “गप, ऐक.” आणि सांगायचे, हा बेअरिंगचा, हा क्लचचा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, ट्रक वर्षभर माडाखाली उभा राहिला आणि मग मातीमोल गेला. मी आयटीआयला गेलो ते त्यानंतर. पण आवाज कसा मोजायचा ते मी आयटीआयमध्ये शिकलेलो नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरून मोजलं. दर दोन सेकंदांनी एक. मिनिटाला ३० फेऱ्या म्हणजे फेरीला बरोबर दोन सेकंद. मी वेग अर्ध्यावर आणला. आवाज चार सेकंदांनी यायला लागला. म्हणजे मोटरचा नाही, दाबरोलरचा नाही, पंख्याचा तर नाहीच. टरेटबरोबर फिरणारं एकच काहीतरी, ४५ पैकी एक, कुठेतरी अडून लागत होतं.

दोन वाजून ४४ मिनिटांनी मशीन बंद केलं.

दार उघडून हँडव्हीलने टरेट हळूहळू फिरवत एक फेरी पूर्ण केली आणि बाहेर आलेल्या ४५ गोळ्या ओळीने ट्रेमध्ये मांडल्या. ट्यूबलाइटखाली सगळ्या सारख्याच. भिंग लावलं. एका गोळीच्या कडेला नखाने ओरखडा काढल्यासारखी बारीकशी उंच कड होती. गोळीवर उंचवटा म्हणजे पंचावर खळगा. तिथे धातू नाही, म्हणून पावडर भरली. क्रमांक मोजून तो वरचा पंच बाहेर काढला. वरच्या पंचाला रबराचा छोटा डस्ट कप असतो, वंगणाचा थेंब खाली गोळीत पडू नये म्हणून. तो फाटला होता. वंगण आणि पावडर मिळून काळा चिकट लेप पंचाच्या दांड्यावर बसला होता, पंच जाम होत होता, आणि खाली येताना डायच्या तोंडाला घासत होता. टोकाच्या कडेचा एक कपरा उडाला होता. तांदळाची कणी घ्या, तिचा अर्धा.

आता त्या अर्ध्या कणीचा प्रश्न. पंच माझ्या हातात होता, कपरा नव्हता. मग तो कुठे?

आवाज थांबला म्हणून शेजारच्या क्युबिकलमधले दादा आले. बांद्याचे, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी जुने, मला मशीन लावायला त्यांनीच शिकवलं. “काय झाला रे?” मी पंच दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, परत दिला आणि म्हणाले, “स्पेअर आसा मां? बदल नि चालू कर. पुढे मेटल डिटेक्टर आसा, तो बघून घेतलो. चवथ आसा बाबा, कित्याक रात्रभर?”

दादा वाईट माणूस नाही. त्यांना बांद्याला पोचायचं होतं, घरी गणपती त्यांच्याच हातून बसतो. आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गोळ्या डी-डस्टरवरून मेटल डिटेक्टरमधून जातात, धातू लागला तर झडप उघडून त्या कुलूपबंद पेटीत पडतात. मी दहा-पंधरा सेकंद काहीच बोललो नाही. स्पेअर पंचांचा ट्रे माझ्या उजव्या हाताला होता.

यात माझा फार मोठेपणा होता असं कुणी समजू नये. मला आधी आठवलं ते टूलरूमचं रजिस्टर. प्रत्येक पंचावर नंबर असतो, सेट परत जाताना एकेक भिंगाखाली जातो. पंच बदलला तरी चवथीनंतर कधीतरी कुणीतरी विचारणार, हा कधी तुटला? आणि तेव्हा त्या कपऱ्याचा पत्ता मला सांगता येणार नाही. भीती म्हणा. मी इंटरकॉम उचलला.

शिफ्टच्या सरांनी दोनच वाक्यं सांगितली, “मशीन बंद ठेव. कशाला हात लावू नको.” दहा मिनिटांत क्यूएची, म्हणजे गुणवत्ता विभागाची, मॅडम आली, पेडण्याची, नोकरीला जेमतेम वर्ष. तिच्याकडे रिजेक्शन पेटीची चावी. घरात आम्ही सगळेच कोकणी बोलतो, वहीत इंग्रजी लिहितो, आणि चवथीच्या आरत्या मराठीत म्हणतो. त्या रात्री मात्र चारही माणसं काय बोलत होती ते मलाही नीट आठवत नाही. बहुतेक कोणीच फारसं बोललं नाही.

पेटीत ३१ गोळ्या निघाल्या. मेटल डिटेक्टर एकदा चमकला की झडप आजूबाजूच्याही चार-पाच गोळ्या घेऊन जाते, त्यामुळे सगळ्या दोषी नसतात. एकेक गोळी हाताने पुन्हा सोडली. २९ सुटल्या, दोन पुन्हा पकडल्या गेल्या. त्या दोन मॅडमने पांढऱ्या कागदावर खलात फोडल्या, हलक्या हाताने, आणि पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक वरून फिरवला. पहिल्या गोळीतून एक चकचकीत कपरी चिकटून आली. दुसरीतून त्याहून लहान. भिंगाखाली पंचाच्या खळग्यापाशी दोन्ही ठेवून बघितल्या. मोठी बसली. लहान तिच्या शेजारी बसली. दोन्हींच्या मधे केसाएवढी फट राहिली.

हेल्पर म्हणाला, “झाला मां!” मलाही तसंच वाटलं होतं. मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, “फट आहे.” त्या फटीत धूळ झालेला धातू होता की तिसरा तुकडा, हे तिथे उभं राहून कुणालाच सांगता येणार नव्हतं. मला तिचा तेव्हा राग आला, खरंच. आज नाही.

पुढचा प्रश्न, कपरा उडाला कधी? अडीचच्या तपासणीत सगळं बरोबर होतं, पण त्यात फार अर्थ नाही. आम्ही २० गोळ्या काढतो आणि पंचांच्या जोड्या ४५. तुटक्या पंचाची गोळी त्या २० मध्ये आलीच पाहिजे असं कुठे आहे? इतकी वर्षं दर अर्ध्या तासाला हे करतोय, पण हे गणित असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

इथे माझे वेळ लिहिलेले डबे उपयोगी पडले. सातव्या डब्यात १४ मिनिटांचा माल होता, फार तर १८,९०० गोळ्या. वरच्या थरात उंच कडेच्या गोळ्या दिसत होत्या, पंचेचाळीसात एकच्या हिशेबाने. जसजसं खाली गेलो तशा त्या बंद झाल्या. तळाला एकही नाही. म्हणजे कपरा सातव्या डब्यातच, अर्ध्या वाटेवर उडालेला. मग सहावा डबा उघडला. ४५० गोळ्या भिंगाखाली बघायच्या असं सरांनी ठरवलं. पंच तुटका असता तर त्यात दहाएक खुणा सापडायला हव्या होत्या. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो आणि एकेक गोळी उलटसुलट करून बघू लागलो. सुपारी निवडायला बसतात तसे. पन्नास झाल्या की ढीग बाजूला, रेघ. दादाही हात धुऊन, ग्लोव्हज बदलून येऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांची स्वतःची बॅच संपली होती, ते जाऊ शकत होते. साडेपाचच्या सुमाराला मान मोडून आली. शेवटचा ढीग संपला तेव्हा खूण एकही नव्हती.

तरी सहावा आणि सातवा दोन्ही डबे नष्ट करायच्या माळेला लागले. पहिल्या पाचांवर होल्डची लेबलं चढली; ते पुन्हा मेटल डिटेक्टरमधून काढले गेले आणि कागदपत्रं होईस्तोवर कुलपात राहिले. उरलेली पावडर पिशव्या बांधून बाजूला. मग मशीन पूर्ण उघडायचं. ९० पंच, ४५ डाय, फीडर, सगळं. वरच्या बाकीच्या पंचांपैकी आणखी तिघांचे डस्ट कप चिरलेले सापडले. पावसाळा, असं कुणीतरी म्हणालं. आतली हवा कोरडी ठेवतात, पावसाला तिथे जागा नाही. रबर जुनं झालं होतं, एवढंच.

साडेसातची बस गेली. तिचा हॉर्न मला आत ऐकू येणं शक्य नाही, पण घड्याळ दिसत होतं. माझा जबाब लिहायचा होता: किती वाजता काय ऐकलं, काय केलं, कुणाला कळवलं. ‘ऐकलं’ असं लिहिल्यावर सरांनी पेन थांबवलं. “असामान्य आवाज आढळला, असं लिही,” म्हणाले. तसं लिहिलं. दोन्ही कपऱ्या एका लहान पारदर्शक पिशवीत घालून, सेलोटेपने वहीच्या पानाला चिकटवल्या. खाली चार सह्या.

बाहेर पडलो तेव्हा दोन वाजले होते. मोबाइलवर आईचे नऊ मिसकॉल. बसने पणजी, तिथून कदंबाच्या सरकारी बसने डिचोली. झुवारीच्या नव्या पुलावर डोळा लागला तो थेट पणजी स्टँडवर उघडला. डिचोलीच्या बाजारात चिबूड संपले होते. कांगलां मिळाली, दुप्पट भावाने. घरी पोचलो तर माटोळी अर्धी बांधून झाली होती, धाकटा भाऊ स्टुलावर, बाबा खालून सुतळी धरून. आईने यादीतलं काय आणलं ते बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवला.

पाच दिवसांनी गणपती पोचवून कामावर गेलो. टूलरूममध्ये सगळ्या सेटचे डस्ट कप बदलून झाले होते, आणि आता ते ठरावीक मुदतीने बदलायचे असा नवा नियम आला होता. मला मात्र पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. बोर्डावर लिहिलं होतं तसं, घटनेशी संबंधित कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. तुटलेला पंच ज्याने पकडला त्यालाच पंच कसा तुटतो ते शिकवायचं. दादा शेजारी बसून मिशीत हसत होते. ते हाताशी आले होते म्हणून तेही ‘संबंधित’.

शेवटी २० मार्कांची परीक्षा. त्यातला एक प्रश्न असा होता: पंच तुटल्याचं कशावरून लक्षात येतं? वजनातला फरक, गोळीच्या कडेवरची खूण, मेटल डिटेक्टरचं रिजेक्शन, वरीलपैकी सर्व. मी शेवटच्यावर खूण केली. आवाजाचा पर्याय नव्हता.