काचेवर काहीच दिसेना

कराडजवळच्या आमच्या छोट्या लॅबला यंदा 17 वर्षं होतील. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते तपासते. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केलाय, डॉक्टर नाही. टेबलाच्या या बाजूने जेवढं दिसतं तेवढंच लिहितेय. कुणाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

तो आला तेव्हा शर्टाची बाही दंडावर चढेना. बांधायचा पट्टा कसाबसा पुरला. रक्त सिरिंजमध्ये आलं ते काळपट, दाट. हिमोग्लोबिन 19.4. पुरुषांचं साधारण 13 ते 17 असतं. मला वाटलं मशीन चुकलं, म्हणून नमुना पुन्हा लावला. तेच. एचडीएल, म्हणजे आपण ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते 40 च्या वर हवं, त्याचं 14. वय 27. रस्त्याने जाताना बाया-माणसं वळून बघतील अशी तब्येत, आणि कागदावर हे असं.

खरं तर त्याला पाठवलं होतं वीर्य तपासणीसाठी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा हलत नव्हता. तोवर बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्या होत्या. रक्ताच्या तर माझ्याकडेच. नळ्यांचा एक्स-रेसुद्धा काढून झाला होता. त्यात गर्भाशयात औषध सोडतात, कळा येतात, बाई टेबलावर ओठ दाबून पडून असते. मधल्या काळात नवस झाले, उपास झाले, ओटभरणाला बोलावणं बंद झालं. नवऱ्याकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण एवढा धडधाकट गडी! शेवटी डॉक्टरीणबाईच अडून बसल्या, आधी नवऱ्याचा रिपोर्ट आणा म्हणाल्या.

नमुना पातळ व्हायला अर्धा तास ठेवला, थेंब काचेवर घेतला, वर कव्हरस्लिप ठेवली. एरवी इथे मायक्रोस्कोपमध्ये शुक्राणूंची नुसती लगबग दिसते. मिलिलिटरमागे दीड कोटीच्या पुढे असतात ते. मी काच सरकवत राहिले. एक कोपरा, दुसरा, तिसरा. काही नाही. मग उरलेला नमुना सेंट्रीफ्यूजला फिरवला आणि तळाशी बसलेला गाळ पाहिला. तिथेही नाही. पंधरा दिवसांनी दुसरा नमुना घेतला. रिपोर्टवर पुन्हा ‘निल’, म्हणजे एकही नाही, असं टाइप करताना हात जड झाला होता.

हार्मोनच्या तपासणीसाठी तो परत आला तेव्हा नेहमीचा प्रश्न विचारला, “काही औषधं चालू आहेत का?” म्हणाला, “फक्त प्रोटीन, ताई.” मी थांबले. तोही थांबला. मग हळूच म्हणाला, “इंजेक्शन पण चालू आहे. पण तेही प्रोटीनचंच आहे, जिमच्या सरांनी सांगितलंय.” मोबाइलमधला फोटो दाखवला. वहीच्या पानावर लिहिलेलं: टेस्ट आठवड्याला 500, डेका, डायना सकाळ-संध्याकाळ. टेस्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषी हार्मोन. बाकीची दोन त्याच्याच जातीची, स्नायू फुगवणारी स्टिरॉइडं. ज्याचं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतच नाही अशा रुग्णाला डॉक्टर आठवड्याला साधारण 100 मिलिग्रॅम देतात, तेही रिपोर्ट बघत बघत. याचं मोजमाप करणारं कोणीच नव्हतं.

जिममधल्या पोरांना मी नंतर बऱ्याचदा सांगितलं, इथेही सांगते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम पाठवायचं थांबते. ते हुकूम म्हणजे एलएच आणि एफएसएच. त्याचे दोन्ही आकडे जवळपास शून्य आले होते. शुक्राणू तयार व्हायला वृषणांच्या आत बनलेलं टेस्टोस्टेरॉन लागतं, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त. रक्तात पूर आणि आत दुष्काळ, अशी गत होते. वर रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांनी लिव्हरवर ताण येतो. काहींच्या छातीला गाठी येतात, कारण जादाच्या टेस्टोस्टेरॉनचं शरीर बाईच्या हार्मोनमध्ये रूपांतर करतं. ती गाठ लपवायला सैल शर्ट घालणारी पोरं मी पाहिली आहेत.

इथे एक सांगायलाच हवं. जिममधलं हे स्टिरॉइड वेगळं आणि दम्याच्या पंपात असतं ते स्टिरॉइड वेगळं. ‘स्टिरॉइड’ शब्द ऐकून लेकराचा पंप बंद करणाऱ्या आयाही माझ्याकडे येतात. कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसं करू नका.

वडील माझे जत्रेतले पैलवान. पहाटे चारला उठून बदाम-खसखस वाटायची, थंडाई करायची, दोन लिटर दूध, मग जोर-बैठका. खुराकाच्या उधारीवरून आजोबा-वडिलांची भांडणं व्हायची. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. हेलसिंकीला 1952 साली पदक मिळवलेल्या माणसाच्या मातीत आपण खेळतो, याचा त्यांना फार अभिमान. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादववर त्यांचा जीव. 2016 मध्ये रिओच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅंडिनोन हे बंदी असलेलं स्टिरॉइड सापडलं. कुणीतरी खाण्यात मिसळलं असं तो सांगत राहिला. नाडाने, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने सोडलं, पण क्रीडा लवादाने ऐन ऑलिम्पिकमध्ये चार वर्षांची बंदी घातली. वडील त्या रात्री जेवले नाहीत. खरं-खोटं काय ते मला ठाऊक नाही. पण त्या फोटोतली ‘डायना’ म्हणजे हेच मेथॅंडिनोन, हे मला वहीच्या पानावर वाचताना कळलं आणि पोटात गोळा आला. बातम्यांमधलं औषध आमच्या तालुक्याच्या जिममध्ये एका पिशवीतून विकलं जात होतं.

2023 मध्ये नाडाने 5,606 नमुने तपासले, त्यात 213 मध्ये बंदी असलेली औषधं सापडली. तेही फक्त खेळाडूंचे. जो पोरगा कुठल्याच स्पर्धेत उतरत नाही, नुसता आरशासाठी किंवा लग्नात उठून दिसायला सुया टोचून घेतो, त्याचा नमुना कोण घेणार? तो लग्नानंतर तीन वर्षांनी माझ्या टेबलावर येतो. पूर्व जर्मनीत किशोरवयीन मुलींना निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणून दिल्या जायच्या. तिथे सरकार खोटं बोललं, इथे जिमचे सर. शब्द तेवढा बदलला, ‘प्रोटीन’ झाला.

त्याने इंजेक्शनं बंद केली. पहिले महिने वाईट गेले. अंगात त्राण नाही, झोप नाही, दंड उतरत चालले तसा कोपऱ्यात बसायला लागला. डॉक्टरांनी उपचार सुरू केले आणि धीर धरायला सांगितलं. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्याआधी बंद पडलेली यंत्रणा जागी व्हावी लागते. काहींची वर्षभराने होते, काहींची पूर्ण होतच नाही. चौथ्या महिन्यात ‘निल’. आठव्यात ‘निल’. मागच्या महिन्यात, चौदाव्या, मी काच सरकवत होते आणि कडेला काहीतरी हललं. श्वास रोखून पुन्हा पाहिलं. एका वेळी दिसतो तेवढ्या भागात तीन, त्यातला एक चालणारा. फार कमी आहेत. पण आहेत.

रिपोर्ट न्यायला ती आली, एकटीच. आकडे तिने दोनदा वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले. जायला निघाली आणि दारातून परत फिरली.

“ताई, माझे जुने रिपोर्ट आहेत का अजून तुमच्याकडे? नॉर्मल आलेले?”

होते. कॉम्प्युटरमधून सगळे काढले, एकेक करून छापले. तीन वर्षांचे अकरा कागद. प्रत्येकाखाली नव्याने सही केली, शिक्का मारला. तिने ते पिशवीत न घालता हातातच धरले आणि तशीच घराकडे गेली.