डाव्या बाजूची किक

इंग्लंडमध्ये मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या खाचखळग्यांतल्या शर्यतीच्या, जुन्या मोटरसायकलींना फार मान आहे. या खेळाची पहिली मोठी शर्यत १९२४ मध्ये तिथेच, सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीला झाली, म्हणूनही असेल. धूळ खात पडलेली गाडी कुणीतरी बाहेर काढतो, नट न् नट उघडतो, महिनोन् महिने राबतो आणि मग विकायला काढतो. स्विंडनला राहायला गेल्यापासून अशा जाहिराती वाचायचा मला नादच लागलाय. अलीकडे एक दिसली आणि मी तिथेच अडकलो. सीझेड या चेक कंपनीची सीझेड २५०, १९६९ चं मॉडेल, टू-स्ट्रोक, पूर्ण रिस्टोअर केलेली. किंमत आपल्या पैशांत काही लाख.

बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४, १९६८ आणि १९६९ मध्ये २५० सीसीचा जगज्जेता झाला तो सीझेडवरच. पुढच्या वर्षी तो सुझुकीकडे गेला, तिथेही लागोपाठ तीनदा जिंकला, आणि मोटोक्रॉस जपान्यांच्या हाती जायला सुरुवात झाली.

आता हे गोव्यातल्या लोकांना का सांगतोय? सीझेड आणि जावा हे दोन्ही चेक कारखाने महायुद्धानंतर सरकारी झाले आणि बरीच वर्षं जोडीनेच चालले. जावा १९६१ मध्ये म्हैसूरला बनू लागली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. तिचीच पुढे येझदी झाली. म्हणजे आपल्या खाणीच्या लाल रस्त्यांवर धावलेली येझदी या शर्यतीच्या गाडीची भावकीतलीच.

चवथीला घरी आलो तेव्हा फोटो घेऊन डिचोलीच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांची उमर येझदी उघडण्यात गेली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. टाकीच्या चकाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "किक डावीकडे. आपल्यातलीच आहे," एवढंच म्हणाले आणि फोटो मोठा करून चेसिसच्या मानेवर, हँडल बसतं त्या जोडावर, बोट ठेवलं. "हा रंग जाड बसलाय. पावडर कोटिंग दिसतंय. त्याच्याखाली जुनं वेल्डिंग आहे की चीर, ते रंग देण्याआधीच्या फोटोत कळेल. तो माग." उड्या मारलेली गाडी तिथेच तडकते, हे त्यांना जाहिरातीत वाचावं लागलं नाही.

मग विचारलं, "क्रँकची सीलं बदलली का?" क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनातला दांडा, आणि टू-स्ट्रोकचा सगळा जीव त्याच्या टोकांवरच्या या रबरी कड्यांत असतो. पेट्रोल, हवा आणि ऑइलचं मिश्रण आधी पिस्टनखाली, क्रँककेसमध्ये शिरतं आणि तिथून दाबाने वर जातं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की सील कडक होतं, फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, ऑइलही त्याच्याबरोबर कमी होतं, आणि पूर्ण वेगात असताना पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो. बाहेरून गाडी आरशासारखी लखलखत असली तरी. सायलेन्सरच्या फुगीर पोटावरचा चेमटाही त्यांनी हेरला. ते पोट नुसतं आवाजासाठी नसतं. त्याच्या आकारामुळे धुराच्या दाबाची लाट उलटी फिरते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. मोठा चेमटा म्हणजे ताकदीतला घाटा.

मी तिथूनच विकणाऱ्याला हे सगळं विचारलं. सीलं नवी आहेत, बिलं आहेत, रंगाआधीचे फोटोही त्याने लगेच धाडले. मानेवर एक जुना जोड होता, पण काकांच्या मते काम नीट झालेलं. मला फार बरं वाटलं. इतकी पारख असलेली माणसं डिचोली-फोंड्याच्या गल्ल्यांत आहेत, आणि त्यांना विचारायला कुणी येत नाही, याचं वाईटही वाटलं.

परतल्यावर गाडी बघायला जाणार आहे. काकांनी बजावलंय, त्याला आधीच कळव की इंजिन तापवून ठेवू नकोस. थंड गाडीला किक स्वतः मारायची, आणि किक पायाला पुरती जड, दाब धरलेली लागली तरच पैशांचं बोलायचं.